भिंतीतली ओल आणि छातीतली घरघर

'बुरसटलेला' हे विशेषण आपण विचारांना लावतो, रूढींना लावतो. ज्या भिंतीला ते अक्षरशः लागू पडते, तिची बोळवण मात्र 'जरा ओल आली आहे' एवढ्यावर होते. ओलीसाठी मराठीत शब्दांचा तोटा नाही. पापड सादळतो, गादी दमट लागते, कपाटाला कुबट वास मारतो, लोणच्यावर बुरा येतो, भिंतीला लोणा लागतो. वर्षातले चार महिने पाण्याखाली काढणाऱ्या प्रदेशाची भाषा अशी असणारच. पण कपाटाचा कुबट वास आणि त्याच खोलीत झोपणाऱ्या मुलाचा पहाटेचा खोकला या दोन गोष्टी आपण एका वाक्यात क्वचितच आणतो. घरात धूळ आहे का, मांजर आहे का, कुणी सिगारेट ओढते का, हे डॉक्टर विचारतात. कपाटामागची भिंत शेवटची कधी पाहिली, असे विचारणारे मला फार थोडे भेटले.

मी डॉक्टर नाही आणि स्थापत्य अभियंताही नाही. हाती पडेल ते वाचणे आणि ओळखीपाळखीच्या घरांतील ओल्या भिंती जाऊन पाहणे हा माझा गेल्या काही वर्षांचा नाद आहे. या विषयात एकीकडे कमालीची हयगय दिसते, तर दुसरीकडे 'विषारी काळी बुरशी' म्हटले की होणारी घबराट. दोन्ही टाळून नेमके काय माहीत आहे, हे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

बुरशी ही वनस्पती नव्हे. कवक या स्वतंत्र सृष्टीतील ती रहिवासी. भूछत्र, यीस्ट आणि नायटा हे तिचे भाऊबंद. भिंतीवर आपल्याला काळा-हिरवा डाग दिसतो तो तिचा फुलोरा समजावा. खरी बुरशी म्हणजे पृष्ठभागात शिरलेले, डोळ्यांना न दिसणारे तंतूंचे जाळे. वाढ पुरेशी झाली की हे जाळे बीजाणू तयार करते आणि ते हवेत सोडते. फ्लॉरेन्सचा धर्मगुरू आणि वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर अंतोनियो मिकेली याने १७२९ साली अशा एका बुरशीचे वर्णन केले. सूक्ष्मदर्शकाखाली तिचा आकार त्याला चर्चमध्ये पवित्र जल शिंपडण्याच्या साधनासारखा दिसला, म्हणून त्याने तिचे नाव 'ॲस्परजिलस' ठेवले. नाव असे मंगल, पण छातीच्या डॉक्टरांना आज सर्वाधिक सतावणारी बुरशी हीच. तिचा बीजाणू दोन ते साडेतीन मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही लहान. नाकातील केस आणि घशातील चिकट स्राव यांना चुकवून तो फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या वायुकोशांपर्यंत सहज पोहोचतो.

हवेतील बीजाणूंची गणती करण्याचे शास्त्र आपल्याकडेही रुजले आहे. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातील प्रा. एस. टी. टिळक यांनी १९७० च्या सुमारास हवेतील बीजाणू टिपणारे एक यंत्र तयार केले. ते 'टिळक एअर सॅम्पलर' या नावाने ओळखले जाते. अजिंठ्याच्या चित्रांची हानी कोणत्या सूक्ष्मजीवांमुळे होते, हे समजून घेण्यासाठी लेण्यांतील हवेचाही अभ्यास त्यांनी केला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तर जिवंत बुरशींचा राष्ट्रीय संग्रहच आहे. या साऱ्या कामातून सामान्य माणसाने एक गोष्ट घ्यावी: बीजाणू नाहीत अशी हवा पृथ्वीवर जवळजवळ कुठेच नाही. शेतातून, पालापाचोळ्यातून, बाजारातल्या कांद्याच्या पोत्यातून ते उडत असतात आणि खिडकी उघडी असली की घरात येतात. त्यांना अन्नही फारसे लागत नाही. भिंतीवरची धूळ, रंगातील डिंक, प्लायवूड, पुठ्ठा, पुस्तकाची बांधणी, काहीही चालते. तापमान म्हणाल, तर जे आपल्याला सुखाचे तेच त्यांना सुखाचे. म्हणजे बी हजर, खत हजर, हवामान हजर. अडते ते फक्त पाण्यावाचून. पृष्ठभागालगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या वर राहिली की पुष्कळ जातींना तेवढे पुरते. भिंत टपटप गळायला हवी असे नाही. म्हणून घरातील बुरशीचा प्रश्न हा मुळात पाण्याचा प्रश्न आहे. तो बुरशी मारण्याचा प्रश्न समजल्यामुळे लोक दरवर्षी पैसे घालवतात.

हे पाणी येते कुठून? गच्चीतून झिरपते, बाहेरच्या भिंतीच्या तड्यांतून पावसाच्या झडीबरोबर येते, वरच्या मजल्यावरच्या मोरीतून येते, जोत्यातून वर चढते. या वाटा गवंड्यालाही ठाऊक असतात, तेव्हा त्यांवर थांबत नाही. जोत्यातून चढणाऱ्या ओलीबरोबर क्षार येतात आणि भिंतीवर पांढरा, कापसासारखा लोणा फुटतो. अनेकजण त्यालाच बुरशी समजतात. ओळखायचे सोपे आहे: थोडी पांढरी भुकटी पाण्यात टाकावी, लोणा बहुतेक विरघळतो, बुरशी विरघळत नाही.

ज्या वाटेकडे कुणाचे लक्ष जात नाही ती हवेतून येणारी. पाणी कुठूनही गळत नसताना भिंत ओली होते आणि घरमालक प्लंबरला दोष देत बसतो. स्वयंपाकाच्या गॅसचेच पाहा. प्रोपेन आणि ब्युटेन जळताना त्यांतील हायड्रोजनचे पाणी होते. एक किलो गॅसमागे सुमारे दीड किलोहून थोडे अधिक. आपला घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा. तो संपेपर्यंत केवळ ज्योतीतून सुमारे २२ लिटर पाणी वाफेच्या रूपाने स्वयंपाकघराच्या हवेत मिसळलेले असते. भाताच्या कुकरची वाफ, न्हाणीघरातली वाफ आणि आषाढात खोलीत दोऱ्यांवर वाळत टाकलेले कपडे यांचा हिशेब वेगळा. खोलीत 'वाळलेला' प्रत्येक टॉवेल म्हणजे आपले पाणी हवेला देऊन मोकळा झालेला टॉवेल.

हे पाणी हवेत आहे तोवर त्रास नाही. हवा थंड पृष्ठभागाला टेकली की ते खाली उतरते. तीस अंशांच्या, ८० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू सुमारे २६ अंश असतो. आता दोन खोल्यांचे घर डोळ्यांपुढे आणा. शयनगृहात एसी २२ अंशांवर लावलेला. मधली भिंत चार इंची विटेची. पलीकडच्या खोलीत एसी नाही आणि त्या भिंतीला चिकटून आजीचे लाकडी कपाट. रात्रभरात भिंत इकडून गार होत जाते. पलीकडे कपाटामागे हवा खेळत नाही, त्यामुळे तिथला भाग उबदार होण्याची सोय नाही. तिथे पृष्ठभाग २६ अंशांखाली गेला की दव धरते. एसी असलेली खोली कोरडी ठणठणीत आणि बुरशी मात्र आजीच्या साड्यांमागे. अशा भिंती मी पाहिल्या आहेत आणि प्रत्येक ठिकाणी संशय आधी वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांवर गेलेला होता.

परदेशी पुस्तकांतला 'खिडक्या उघडा' हा सल्लाही आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही. लंडनच्या हिवाळ्यात बाहेरची हवा थंड, म्हणून तिच्यात पाणी कमी. ती आत घेतली की घर कोरडे होते. मुंबई-रत्नागिरीच्या जुलैत उलटे असते. २८ अंशांच्या, ९० टक्के आर्द्र हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे २४ ग्रॅम पाणी असते, आणि २४ अंशांची हवा जास्तीत जास्त २२ ग्रॅमच्या आसपास पाणी धरू शकते. एसी बंद करून लगेच खिडकी उघडली, की गार भिंतीवर बाहेरचे पाणी आपणच आणून लावतो. पावसाळ्यात खिडकीपेक्षा स्वयंपाकघरातला बाहेर हवा फेकणारा पंखा, वस्तूंमागे सोडलेली चार बोटे जागा आणि मध्येच येणारी उघडीप यांचा उपयोग अधिक.

आपल्या जुन्या घरांना हे कळत होते का? कळत होते असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. त्या घरांतही ओल होती, धूर होता आणि क्षयही होता. पण काही रिवाज कामाचे होते. कोकणात पावसाळ्यापूर्वी घर शाकारायचे, पावसाच्या बाजूच्या भिंतीला झापांचा आडोसा करायचा, भिंत पडवीच्या पोटात ठेवायची. पाऊस सरला की गाद्या-गोधड्यांना आश्विनातले कडक ऊन दाखवायचे. आणि दिवाळीच्या तोंडावर भिंतींना चुन्याचा हात द्यायचा.

हा चुना मला विशेष लक्षणीय वाटतो. ताज्या चुन्याचा सामू १२ च्या वर असतो. इतक्या अल्कधर्मी पृष्ठभागावर घरातील बुरशींना तग धरता येत नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून चुना हळूहळू खडूसारखा होतो, त्याचा सामू उतरतो आणि ही धार बोथट होते. दरवर्षी पुन्हा हात द्यावा लागे तो केवळ पांढरेपणासाठी नव्हे. शिवाय चुन्याच्या थरातून वाफ आरपार जाते, त्यामुळे भिजलेली भिंत ऊन पडल्यावर सुकू शकते. आजच्या प्लास्टिक रंगाची गोष्ट वेगळी. त्यातील बंधक आणि घट्ट करणारे पदार्थ सेंद्रिय असतात, म्हणजे बुरशीचे खाद्य. म्हणून तर त्यात बुरशीनाशक घालावे लागते आणि तेही काही वर्षांत निघून जाते. भिंत आतून ओली असेल तर हा पातळ पडदा पाणी कोंडून ठेवतो. मग फुगे येतात, पोपडे सुटतात. ओल्या भिंतीवर रंग देणे म्हणजे जखमेवर पॅच मारणे. आणि आपल्याकडे रंगारी येतो तो नेमका पाऊस सरल्यावर पंधरा दिवसांत, भिंत सर्वांत ओली असताना.

त्यात नव्या घरांनी बुरशीला नवे ताट वाढले आहे. 'स्टॅकिबोट्रिस' ही ती कुप्रसिद्ध काळी बुरशी. कॉर्डा या संशोधकाने १८३७ साली तिचे वर्णन केले, ते प्रागमधील एका घराच्या भिंतीवरील कागदावरून. तिला लागतो पूर्ण भिजलेला कागद किंवा पेंढा. वीट-गिलाव्याच्या घरात हे खाद्य तिला सहसा मिळत नसे. आता कागदाच्या आवरणाची जिप्सम पत्र्यांची खोटी छते आली, वॉलपेपर आले, लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळ्यांची कपाटे भिंतीत बसवली गेली. वरच्या मोरीतून थेंबथेंब गळणारे पाणी पूर्वी छतावर डाग होऊन दिसायचे. आता खोट्या छताच्या पोटात महिनोन्महिने कुणाला पत्ता लागत नाही. दडलेली बुरशी म्हणतात ती ही. वास येतो, पण दिसत काही नाही.

आता प्रकृतीकडे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ओल आणि बुरशी याच विषयावर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. युरोप, उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया, भारत आणि जपान येथील १० ते ५० टक्के बंदिस्त जागांना ओलीचा उपद्रव असावा असा अंदाज त्यात दिला आहे. एवढा ऐसपैस अंदाज काय कामाचा, असे कुणी म्हणेल. पण खालचा आकडा धरला तरी दहा घरांत एक. ओलसर घरांत राहणाऱ्यांना खोकला, घरघर, दम्याचे झटके आणि श्वसनमार्गाचे संसर्ग अधिक होतात, याला पुरेसा पुरावा आहे असा संघटनेचा निष्कर्ष आहे. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००४ साली साधारण हेच म्हटले होते. अनेक अभ्यास एकत्र करून २००७ साली काढलेल्या निष्कर्षात ही वाढ ३० ते ५० टक्क्यांच्या आसपास होती.

नव्याने दमा जडतो का, हा अधिक नाजूक प्रश्न. फिनलंडमधील एस्पू शहरात सुमारे दोन हजार लहान मुलांचा सहा वर्षे मागोवा घेण्यात आला. सुरुवातीला ज्या घरांत कुबट वास येत होता, तिथल्या मुलांत पुढे दमा होण्याचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक निघाले. दिसणाऱ्या डागांपेक्षा वासाचा संबंध अधिक ठळक होता, हे मला महत्त्वाचे वाटते. वास म्हणजे बुरशी वाढताना बाहेर टाकत असलेली बाष्पनशील द्रव्ये. डाग जुना, मेलेलाही असू शकतो. वास बहुधा सांगतो की काम चालू आहे. आपल्या आज्यांची नाके बीजाणूमापक यंत्रांपेक्षा फारशी मागे नव्हती.

यातील दोष नेमका कुणाचा, हे मात्र सुटे करणे अवघड आहे. जिथे ओल तिथे धुळीतले सूक्ष्म कीटकही माजतात आणि तेही दम्याला कारण होतात. शिवाय जीवाणू असतात, सडलेल्या साहित्यातून सुटणारी रसायने असतात. म्हणूनच हवेत अमुक इतके बीजाणू चालतील आणि त्यापुढे नाही, अशी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली नाही. तिचे म्हणणे सरळ आहे: ओल हटवा. हवेचे नमुने घेऊन रंगीत अहवाल देणाऱ्या महागड्या चाचण्यांविषयी मी साशंक आहे तो यामुळेच. भिंत ओली आहे हे दिसत असताना तिच्यावर कोणती जात उगवली आहे हे कळून कृतीत काहीच फरक पडत नाही.

काही आजार दम्याहून गंभीर आहेत. ॲस्परजिलसची ॲलर्जी झालेल्या दमेकऱ्यांपैकी काहींच्या श्वासनळ्यांतच ही बुरशी बिऱ्हाड करते. चिकट, तपकिरी कफाचे बोळे पडतात आणि श्वासनळ्या कायमच्या सैल होतात. हा आजार प्रथम १९५२ साली इंग्लंडमध्ये नोंदला गेला. आपल्याकडे क्षय एवढा पसरलेला की एक्स-रेवरील सावली पाहून आधी क्षयाचे औषध सुरू होते आणि खरे निदान व्हायला वर्षे जातात. क्षयाची औषधे घेऊन गुण न आलेल्या जुन्या दमेकऱ्याच्या घरच्यांनी हा प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावा.

विदर्भ-मराठवाड्यातील वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम. तिकडची हवा कोरडी, म्हणून बुरशीचा विषय कोकणाचा, असा समज आहे. २०१७ साली भारतातील १९ शहरांतील २७ केंद्रांच्या एकत्रित नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. फुप्फुसाचे अस्तर जाड होत जाणाऱ्या आजारांचे १,०८४ रुग्ण त्यात होते. त्यांतील ४७.३ टक्के रुग्णांना श्वासावाटे गेलेल्या सेंद्रिय कणांच्या प्रतिक्रियेतून होणारा फुप्फुसदाह होता आणि त्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांचा संबंध एअर कूलरशी आला होता. नुसत्या संबंधाने कारण सिद्ध होत नाही, हे खरे. पण कूलर म्हणजे काय? वाळ्याच्या किंवा लाकडी काड्यांच्या ओल्या गाद्या, खाली साठलेले कोमट पाणी आणि त्यातून थेट झोपणाऱ्याच्या तोंडावर सोडलेला वारा. बुरशीची शेती करून ती पंख्याने पेरायची असे कुणी ठरवले असते, तरी यंत्र वेगळे झाले नसते. नागपूर-अकोल्याकडे पाऊस पडला की कूलर बंद होतो आणि त्याच ओल्या गाद्यांसह पुढच्या मार्चपर्यंत खिडकीत बसून राहतो. गाद्या दर हंगामाला बदलणे, टाकीतले पाणी वरचेवर पूर्ण काढून ती घासणे आणि हंगामअखेर कूलर उन्हात कोरडा करून ठेवणे याला खर्च फार नाही. कूलरपुढे झोपल्यावर काही तासांनी कोरडा खोकला, कणकण, धाप आणि दुसऱ्या गावी गेल्यावर आराम, असे घडत असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घालायला हवे. हा दाह वर्षानुवर्षे चालला, तर फुप्फुसावर पडणारे व्रण भरून येत नाहीत.

घबराटीची बाजूही पाहू. २०२१ च्या कोरोना लाटेत 'काळी बुरशी' हा शब्द घरोघर गेला आणि तेव्हापासून भिंतीवर काळा डाग दिसला की माणसे दचकतात. तो आजार म्हणजे म्यूकरमायकोसिस. तो वेगळ्या गटातील बुरशींमुळे, बेताल मधुमेह आणि स्टेरॉइडमुळे प्रतिकारशक्ती ढासळलेल्या रुग्णांना होतो. त्यातला काळेपणा मेलेल्या ऊतींचा असतो. भिंतीवरचे काळे ठिपके बहुतेक वेळा 'क्लॅडोस्पोरियम'सारख्या नेहमीच्या बुरशींचे असतात.

दुसरी कहाणी अमेरिकेतील क्लीव्हलंडची. १९९३-९४ मध्ये तिथे काही अर्भकांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला आणि पाण्याने भिजलेल्या घरांतील स्टॅकिबोट्रिसवर संशय आला. देशभर हाहाकार उडाला. २००० साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने आपलाच अभ्यास पुन्हा तपासला आणि हा संबंध सिद्ध होत नाही असे जाहीर केले. ही बुरशी विषे तयार करते हे खरे. १९३० च्या दशकात सोव्हिएत युक्रेनमध्ये बुरसटलेले गवत खाऊन घोडे मेले होते. पण घोड्याने मणभर गवत खाणे आणि माणसाने खोलीत श्वास घेणे यांत मात्रेचा फरक प्रचंड आहे. ओल्या घरातील हवेमुळे स्मृती जाते, मन भ्रमिष्ट होते, असल्या दाव्यांना आज तरी भक्कम आधार दिसत नाही.

विज्ञानाला या विषयात ठेचा लागण्याचा इतिहास जुना आहे. शेले याने १७७५ साली शोधलेला आर्सेनिकयुक्त हिरवा रंग एकोणिसाव्या शतकातील युरोपात भिंतीवरच्या कागदांत सर्रास वापरला गेला. ओलसर खोल्यांत माणसे आजारी पडत आणि लसणासारखा वास येई. बुरशी या रंगातून आर्सेनिकचा वायू तयार करते, हे इटलीच्या गोसिओ याने १८९० च्या दशकात दाखवले. पुढे सेंट हेलेनावरच्या नेपोलियनच्या मृत्यूपर्यंत ही उपपत्ती ताणली गेली. अलीकडच्या रसायनशास्त्रज्ञांनी मात्र दाखवले की तो वायू समजला गेला तितका घातक नाही. माणसे आजारी पडत होती, यात शंका नाही. ती ओल्या घरातल्या बुरशीनेच आजारी पडत असतील, ही साधी शक्यता कित्येक दशके आर्सेनिकच्या झगमगाटात झाकली गेली.

आणि घबराट नको म्हणजे बेफिकिरी हवी असे नव्हे. इंग्लंडमधील रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हे दोन वर्षांचे मूल वारले. सुदानहून आलेले त्याचे आईवडील एका गृहसंस्थेच्या एका खोलीच्या भाडेघरात राहत. न्हाणीघरात आणि स्वयंपाकघरात बुरशी माजली होती. वडिलांनी २०१७ मध्ये तक्रार केली तेव्हा, वरून रंग द्या, असे त्यांना सांगण्यात आले. पुढे कुटुंबाच्या राहणीला, अगदी आंघोळीच्या पद्धतीलाही बोल लावण्यात आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने निष्कर्ष दिला: घरातील बुरशीच्या दीर्घ संपर्काने झालेल्या श्वसनविकाराने मृत्यू. २०२३ मध्ये कायदा झाला. तो 'अवाबचा कायदा' म्हणूनच ओळखला जातो. ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सामाजिक गृहसंस्थांना तातडीचा धोका २४ तासांत दूर करणे आणि ओल-बुरशीच्या गंभीर तक्रारीची दहा कामकाजी दिवसांत तपासणी करणे बंधनकारक आहे.

हे वाचताना मला आपल्याकडचे भाडेकरू आठवतात. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारे जोडपे भिंतीच्या ओलीची तक्रार करते, तेव्हा मालकाचे पहिले वाक्य 'तुम्ही कपडे आत वाळत घालता' हेच असते. ते खोटे नसते. पण पावसात कपडे वाळवायला दुसरी जागा नसलेले घर भाड्याने देणारा कोण, हा प्रश्न उरतोच. आपल्याकडच्या भाडेकराराच्या छापील मसुद्यांत वीजबिल असते, पाळीव प्राणी असतात, भिंतीतील खिळेदेखील असतात. ओलीबद्दल एक ओळ घालून घ्यायला कुणाची हरकत असू नये. निदान घर घेण्याआधी कपाटे पुढे ओढून मागची भिंत पाहावी आणि खोली अर्धा तास बंद ठेवून मग आत जाऊन वास घ्यावा.

घरात बुरशी सापडलीच तर काय करावे? डाग चार-सहा चौरस फुटांचा असेल तर घरच्या घरी साफ करता येतो. एन-९५ मुखपट्टी आणि हातमोजे घालावेत, दमेकऱ्याला दुसऱ्या खोलीत पाठवावे आणि साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने घासावे. कोरड्या झाडूने किंवा सुऱ्याने कधीही खरवडू नये; लाखो बीजाणू एका झटक्यात हवेत जातात. ब्लीचवर लोकांचा फार भरवसा, पण सच्छिद्र गिलाव्यात ते खोल शिरत नाही. शिवाय मेलेला बीजाणूही ॲलर्जी आणतो, म्हणून मारण्यापेक्षा काढून टाकणे महत्त्वाचे. ब्लीचमध्ये संडासाचे ॲसिड मिसळल्यास विषारी वायू निघतो, तेव्हा ते प्रयोग नकोत. भिजून बुरसटलेली कापसाची गादी, उशी, फुगलेले प्लायवूड जीवावर दगड ठेवून टाकून द्यावे. घरात पाणी शिरले असेल तर २४ ते ४८ तासांत वस्तू सुकवता आल्या तरच बुरशी टळते.

पुस्तकांविषयी या अंकाच्या वाचकांना सांगायला हवे, कारण जुने दिवाळी अंक पोटमाळ्यावर खोक्यात घालून ठेवणारी माणसे मी अनेक पाहिली आहेत, त्यांत मीही एक. पुठ्ठ्याचे खोके ओल शोषून धरते. पुस्तकांचे कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, मागे चार बोटे मोकळी सोडावीत, खालचा कप्पा जमिनीपासून उचललेला असावा. काचबंद कपाट पावसाळ्यात उघडीप पाहून अधूनमधून उघडावे. काहीशे रुपयांना मिळणारा आर्द्रतामापक त्यात ठेवला आणि काटा दिवसेंदिवस ६५-७० च्या वर राहिला, तर पुस्तके हलवायची वेळ आली असे समजावे. बुरशी आलेले पुस्तक उघडून जोरात झटकण्याची सवय आपल्याला असते. ती मोडावी, पुस्तक आधी सावलीत, वाऱ्यावर सुकवून, मग घराबाहेर नेऊन मऊ कुंचल्याने पुसावे.

शेवटी रंगाऱ्याला होकार देण्यापूर्वी करायची एक चाचणी. भिंतीच्या संशयित जागी फूटभर चौकोनी, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बंद करून लावावा आणि दोन दिवस तसाच ठेवावा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला आले, तर पाणी भिंतीत आहे: गच्ची, तडे, मोरी, जोते तपासा आणि गवंड्याला बोलवा. थेंब बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला आले, तर पाणी हवेतले आहे: स्वयंपाकघराचा पंखा, कपड्यांची दोरी आणि एसीचा आकडा पाहा. दोन्ही बाजू कोरड्या असतील, तरच रंगाचा डबा उघडावा, आणि शक्य असेल तिथे तो चुन्याचा असावा.